दूधवाल्याची गाडी

दिवाळीची गोष्ट. २०२४ ची. अमरावतीहून दादा, वहिनी आणि दोन्ही मुलं आमच्याकडे अकोल्याला आली होती. फराळाची ताटं उचलून झाली, पुरुष मंडळी झोपायला गेली, आणि आम्ही बायका ओसरीवर सुपाऱ्या कातरत बसलो होतो. तेवढ्यात धाकट्या भाच्यानं मोबाइल पुढे केला. "आत्या, हे पाह्य." बघते तर काय, कुठल्याशा परदेशातला बर्फाचा डोंगर, आणि त्यावरून एक बाई सायकलवर बसून सर्रकन खाली येतेय. सायकलीला सीट आहे, हँडल आहे, पण चाकंच नाहीत! चाकांच्या जागी दोन फळ्या, पुढची हँडलबरोबर वळणारी. बाईच्या पायातही वीतभर लांबीच्या दोन छोट्या फळ्या, दोन्हीकडे टेकवलेल्या.

मोठी भाची शेजारीच होती. तिनं ते बघितलं, उजव्या मनगटावरून डावा हात फिरवला आणि म्हणाली, "आत्या, हे आपल्या पांदणीत चालन का वं?"

आम्ही सगळ्या हसलो. वहिनी मात्र हसली नाही. तिचं लक्ष त्या मनगटाकडे होतं.

माझी ही भाची आरोग्य सेविका आहे. दर्यापूरला खोली करून राहते. तिथून तिचं उपकेंद्र सोळा किलोमीटर. त्यातले बारा किलोमीटर डांबरी, उरलेला कच्चा. आणि उपकेंद्राच्या पुढे ज्या वस्त्या आहेत त्यांचे रस्ते म्हणजे पांदणी, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि मधून बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. त्या वर्षी जुलैत लसीकरणाच्या दिवशी ती एका वस्तीवर निघाली होती. स्कूटरच्या फूटबोर्डवर लसीचा निळा डबा, त्यात बर्फाच्या चार पट्ट्या आणि मधोमध लसी. रात्री पाऊस पडून गेला होता. तीनशे-चारशे पावलं आत गेली आणि पुढचं चाक एकदम थांबलं. ब्रेक लावला नव्हता, तरी थांबलं. गाडी आडवी, ही तिच्याखाली, डबा धुऱ्यापलीकडे पऱ्हाटीत. डब्याचं झाकण उघडलं नाही, हे तिनं मला हॉस्पिटलमधून फोनवर सगळ्यात आधी सांगितलं. मनगटाचं हाड मोडल्याचं नंतर.

आता हा आमचा सगळा भाग म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीचं पाणी खारट आणि माती काळीशार, चिकण. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात हीच माती पाणी पिऊन फुगते आणि पाणी लवकर खाली सोडत नाही. शास्त्रात या चिकणमातीला माँटमोरिलोनाईट असं लांबलचक नाव आहे. आपल्याकडे म्हणतात गारा. चप्पल घालून दहा पावलं चाललं की पायाला दोन-दोन किलोचे गोळे. बाईमाणूस चप्पल हातात घेऊन चालतं. पण गाडीनं काय हातात घ्यावं?

भाचीचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. त्या सहा आठवड्यांत घरात जे काय बोलणं झालं ते तुम्हाला सांगायला नको, मैत्रिणींनो. प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी ते झालेलं असतं. दादा म्हणाला, बदली मागून घे. वहिनी म्हणाली, लग्न होईस्तोवर घरीच राहा. कुणीतरी सुचवलं, धाकटा भाऊ आहे ना, तो नेऊन सोडेल आणि घेऊन येईल. धाकटा इंजिनीअरिंगला, बडनेऱ्याला जातो. त्यानं कॉलेज सोडून दर्यापूरला रोज ताईला सोडायला जायचं? ते दोन दिवस झालं असतं, तिसऱ्या दिवशी नोकरीच सुटली असती. मी गप्प बसून ऐकत होते. माझ्या लग्नानंतर माझ्या सासरीही असंच बोलणं झालं होतं. तेव्हा लूनानं मला वाचवलं होतं.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. नोकरी लागली तेव्हा शाळा अकोटच्या बाजूच्या एका खेड्यात मिळाली. एस. टी. दिवसातून दोनदा, तीही पाऊस नसला तर. १९८६ साली शिक्षक सोसायटीतून कर्ज काढून मी सेकंडहँड लूना घेतली. सायकलसारखी पेडलं होती तिला. पेडल मारून चालू करायची, बंद पडली तर सायकल समजून दामटायची. गावात शिरले की पोट्टे मागे धावत, "बाईची फटफटी आली!" ज्यांनी लूना पाहिलीच नाही अशा मुलींसाठी सांगते, अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किनेटिक इंजिनीअरिंगनं १९७२ साली ती आणली. फिरोदिया घराण्याची ही कंपनी. पुढे ऐंशीच्या दशकात पीयूष पांडे यांनी तिची जी जाहिरात केली, ती ज्यांनी दूरदर्शनवर पाहिली त्यांच्या तोंडी ती ओळ अजून आहे. विदर्भातल्या किती शिक्षिका, नर्सबाई, पोस्टाची आरडी गोळा करणाऱ्या बायका या लूनावर घराबाहेर पडल्या असतील, याचा हिशेब कुणी मांडला नाही. मांडायला हवा होता.

माझी लूना चिखलात फसायची नाही असं मी म्हणणार नाही. फसायचीच. पण दोन गोष्टी होत्या. चाक मोठं, जवळजवळ सायकलीसारखं, आणि मडगार्ड त्याच्यापासून चांगलं लांब. मध्ये चिखल भरला तरी बोटानं, काडीनं काढता यायचा. दुसरं म्हणजे वजन. फारच रुतली तर वावरातल्या एखाद्या बाईला हाक मारायची, दोघींनी दोन बाजूंनी धरायचं आणि गाडी सरळ धुऱ्यावर!

तेव्हा दिवाळीच्या त्या दुपारी सुपारी कातरता कातरता माझ्या डोक्यात आलं, की भाचीची चूक कुठे झाली? गाडी चालवण्यात झाली नव्हती. गाडी निवडण्यात झाली होती. आणि ती गाडी तिनं निवडलीही नव्हती. दादानं निवडली होती. नोकरी लागली म्हणून, छान गुलाबी रंगाची.

बायकांसाठी म्हणून ज्या ज्या गाड्या आल्या त्यांचं मला गमतीचं वाटतं. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू, गिअर नाही. आम्ही बायका खूष. नव्वदच्या दशकात सनी आली, स्कूटी आली. २००० च्या सुमारास अॅक्टिव्हा आली आणि घरोघरी झाली. प्रत्येक गाडी आधीच्यापेक्षा सोयीची, दिसायला देखणी. डिक्की मोठी, पर्सला हुक, साडी खराब होणार नाही अशी चहूबाजूंनी झाकलेली. पण तिचं चाक बघा. लूनाचं सोळा इंची होतं, या स्कूटरचं दहा इंची. आताच्या काही मॉडेलना बारा इंची आहे. म्हणजे बाईची गाडी जसजशी बाईची होत गेली तसतशी ती डांबरी रस्त्याची होत गेली. राजकमल चौकातून भाजी घेऊन घरी यायला उत्तम. पण आपल्याकडे निम्म्या बायका राजकमल चौकात राहत नाहीत.

चाकाचं गणित माझ्या आजोबांना ठाऊक होतं. त्यांची दमणी होती. ते म्हणायचे, "चाक मोठं तं खड्डा लहान." दहा इंची चाक चाकोरीत गेलं की जवळजवळ तळाशीच जातं, बाहेर निघायला त्याला भिंत चढावी लागते. सोळा इंची चाक तीच चाकोरी उतार असल्यासारखी चढून जातं. शिवाय स्कूटरचं पुढचं मडगार्ड टायरला अगदी चिकटून असतं. डांबरीवर ते बरोबरच आहे, पाणी अंगावर उडत नाही. पण गाऱ्यात त्या दोन बोटांच्या जागेत माती ठासून बसते, आणि चाक आपोआप बांधलं जातं. भाचीला झालं ते हेच. तिला वाटत होतं आपल्याच हातून ब्रेक दाबला गेला असेल. तीन महिने ती पोरगी स्वतःला दोष देत होती.

भाच्याच्या मोबाइलवरच्या त्या बर्फाच्या सायकलीनं मात्र मला एक गोष्ट शिकवली. मी त्याला म्हटलं, वाच रे पुढे, लोक ही गाडी घेताना काय पाहतात? त्यानं वाचून सांगितलं. अशा सायकलीचं पेटंट अमेरिकेत एकानं १८९२ सालीच घेतलं होतं म्हणे. पुढे १९४९ मध्ये ऑस्ट्रियात एकानं सुधारून घेतलं आणि तिकडे तो खेळच झाला. बर्फ मऊ, तर त्यात रुतू नये म्हणून चाक काढून रुंद फळी लावली. सीट मुद्दाम खाली, कारण तोल सांभाळतात पाय. गाडी अशी हवी की दोन्ही पाय दोन्हीकडे टेकलेले राहतील. आणि वजनाला हलकी, कारण पडल्यावर स्वतःच उचलायची असते.

बर्फाचं आणि आपल्या गाऱ्याचं जमत नाही, हे खरं. बर्फावर त्यांना घसरायचंच असतं, त्यात मजा असते. आपल्याला घसरायचं नसतं. फळी लावली तर आपल्या मातीत ती जागची हलणार नाही. पण पायांचं आणि वजनाचं मला पटलं. ज्या जमिनीचा भरवसा नाही तिथं गाडी पायांच्या आवाक्यात हवी आणि हातांच्या ताकदीत हवी. ऑस्ट्रियातली बाई असो की दर्यापूरची. (दोघींच्या गाडीवर बर्फ आहेच की. एकीच्या चाकाखाली, दुसरीच्या डब्यात.)

पाडव्याच्या दुसऱ्या दिवसानंतर आम्ही अकोल्यातल्या शोरूम पालथ्या घातल्या. मी, भाची, दादा आणि वहिनी. पहिल्या शोरूममध्ये पोऱ्यानं पाणी आणून दिलं आणि दादाला विचारलं, "सर, कोणता कलर पाहिजे मॅडमला?" गाडी चालवणार भाची, पैसे भरणार भाची, आणि प्रश्न दादाला. मी म्हटलं, भाऊ, कलर राहू दे, ही गाडी स्टँडवरून काढ आणि हिला बसू दे. बसली. एका पायाचा चवडा टेकला, दुसरा अधांतरी. उंच, देखणी, एकशे पंचवीस सीसीची गाडी होती. वजन शंभर किलोच्या वर. मी तिला म्हटलं, आता ही डबल स्टँडवर लाव. तिचं दुखरं मनगट मध्ये आलं, जमेना. पोऱ्या म्हणाला, "मॅडम, साइड स्टँड आहे ना!" अरे बाबा, गाऱ्यात साइड स्टँड हातभर आत जातो आणि गाडी सावकाश झोपते. हे त्याला कसं ठाऊक असणार? त्याचं शोरूम टाइल्सचं.

दुसऱ्या ठिकाणी बॅटरीच्या गाड्या होत्या. मला त्यांचं फार अप्रूप. लूनाच बॅटरीची होऊन परत आली, २०२४ च्या फेब्रुवारीत, ई-लूना म्हणून. फिरोदियांच्याच घरातल्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कंपनीनं आणली. सोळा इंची चाकं, तेच रूप. मी तर त्या गाडीवरून हातच फिरवत बसले. पेट्रोलचा खर्च नाही, आवाज नाही. पण भाचीची अडचण वेगळी होती. तिच्या खोलीचा मीटर घरमालकाचा, गाडी अंगणात, बोर्ड वरच्या मजल्यावर. पावसाळ्यात आमच्याकडे लाइटचं काय होतं हे वाचणारीला सांगायला नको. आणि लसीकरणाच्या दिवशी वस्त्या धरून तिचं पन्नास-साठ किलोमीटर फिरणं होतं. कंपनी एका चार्जिंगमध्ये जेवढं सांगते तेवढं गाऱ्यात मिळत नाही, कारण रुतलेली गाडी ओढायला जास्त ताकद लागते. जिच्या घरी स्वतःचा प्लग आहे आणि जिचं जाणं-येणं वीस-तीस किलोमीटरचं आहे, तिनं मात्र बॅटरीच्या गाडीचा जरूर विचार करावा. एक सावधगिरी. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या, अगदी कमी ताकदीच्या बॅटरी गाड्यांना लायसन आणि नंबर लागत नाही, म्हणून बऱ्याच जणी त्या घेतात. गल्लीत ठीक. कच्च्या रस्त्यावर त्यांचा दम जातो.

तिसऱ्या शोरूममध्ये एका कोपऱ्यात, नव्या चकचकीत स्कूटरच्या मागे, टीव्हीएसची एक्सएल हंड्रेड उभी होती. भाची थेट तिच्याकडे गेली. म्हणाली, "आत्या, वस्तीवर दूध न्यायला येतात ना ते काका, त्यांची हीच गाडी. सगळा पावसाळा येतात. एक दिवस चुकत नाहीत."

सोळा इंची चाकं. नव्वद किलोच्या आत वजन. गिअर नाही. इंजिन शंभर सीसीचं. पायापुढे सपाट जागा, तिथे लसीचा डबा नीट बसतो, बांधायला आकडे आहेत. पुढच्या मडगार्डमध्ये आणि टायरमध्ये हात घालता येईल एवढी फट. आणि बसल्यावर भाचीचे दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. ती बसली आणि तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते गुलाबी स्कूटरवर कधी दिसलं नव्हतं.

वहिनी मात्र तटकन उभी राहिली. "दूधवाल्याची गाळी हाय वो ते! पोट्टीच्या जातीनं त्याच्यावर बसाव? पाहुणे पाहाले येतीन तं काय सांगू मी त्याइले?"

दादानं तिची री ओढली. शोरूमचा पोऱ्याही म्हणाला, "मॅडम, लेडीज लोक ही नाही घेत." झालं! मला राग आला, पण वहिनीचा नाही आला. तिचं खोटं नव्हतं. आपल्याकडे मुलगी कोणत्या गाडीवरून आली यावरून घराची पत ठरते. स्कूटर म्हणजे शिकलेली, नोकरीवाली. मोपेड म्हणजे दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, कोंबड्यांची खुराडी. माझ्या लूनाच्या वेळी तरी निदान सगळ्याच बायकांकडे लूना होती. आज दर्यापूरच्या रस्त्यावर एक्सएलवर बसणारी ही बहुधा एकटीच मुलगी असणार होती. ती एकटीनं सहन करायची गोष्ट होती, आणि मी आत्या म्हणून कितीही भाषण ठोकलं तरी त्या गाडीवर मी बसणार नव्हते.

भाची काही बोलली नाही. तिनं वहिनीचा हात धरला आणि तिला गाडीवर बसवलं. पुढे, हँडल धरायला. वहिनीनं आयुष्यात गाडी चालवलेली नाही. साडी सावरत ती बसली, दोन्ही पाय टेकले. भाची म्हणाली, "आई, त्या दिवशी माझे पाय असे टेकले असते तं मी पडलोच नसतो." आमच्याकडे घरात मुलीही असंच बोलतात, पडलो, आलो, गेलो.

वहिनी बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उतरली आणि म्हणाली, "मंग रंग तरी चांगला पाह्य."

पैशाचं सांगते, कारण त्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. ही गाडी चांगल्या स्कूटरपेक्षा बरीच स्वस्त पडते. उरलेल्या पैशात भाचीनं दोन चांगली हेल्मेटं घेतली, आयएसआय छापाची. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत मिळतात ती घेऊ नका, ती पोलिसासाठी असतात, डोक्यासाठी नसतात. मागे बसणारीलाही हेल्मेट कायद्यानं लागतंच. आणि ज्या आता खरेदीला निघाल्या असतील त्यांच्यासाठी, २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झालाय. आम्ही अठ्ठावीस भरला.

गाडी घेतल्यावर दर्यापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आम्ही ती दाखवायला नेली. त्या मिस्त्रीनं जे सांगितलं ते शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही. म्हणे, मागच्या चाकाला साडीगार्ड आणि चेनला झाकण पक्कं आहे का ते दर महिन्याला बघत जा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्ध चाक झाकणारी जाळी, धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा हे मोटार वाहन नियमांतच आहे, तरी लोक जाळी काढून टाकतात. ओढणी गाडीवर बसण्याआधी छातीवरून मागे नेऊन गाठ मारायची, नुसती खोवायची नाही. गाऱ्यात शिरायच्या आधीच वेग कमी करायचा, आत गेल्यावर पुढचा ब्रेक विसरायचा, आणि अॅक्सिलेटर एकसारखा, हलका ठेवायचा. झटका दिला की मागचं चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणतं. एप्रिल २०१९ पासून नव्या छोट्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय सक्तीची झाली, डांबरीवर ती फार चांगली, गाऱ्यात तिच्यावर विसंबायचं नाही. बाभळीच्या काट्याचा बंदोबस्त म्हणून पंक्चरचं सामान जवळ. टायरची नक्षी झिजली की पावसाळ्याआधी टायर बदलायचा, दिवाळीची वाट पाहायची नाही.

आणि एक काडी. सायकलीच्या जुन्या स्पोकचं टोक वाकवून त्यांनी भाचीला आकडा करून दिला. दर शंभर पावलांवर उतरायचं, मडगार्डमधला गारा त्यानं ओढून काढायचा, पुढे निघायचं. "बैलाच्या खुरातला काटा काढतो का नाही आपन? तसंच हाय हे," मिस्त्री म्हणाले.

या गाडीचे अवगुणही सांगितले पाहिजेत. डिक्की नाही, त्यामुळे पर्स, रेनकोट, डबा सगळं बांधावं लागतं. वेग कमी. अकोला-अमरावती हायवेवर ती चालवायची माझी तरी छाती नाही. हाच तो रस्ता, जिथं २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटरचं डांबरीकरण एकशे पाच तास तेहेतीस मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं. आम्हा सगळ्यांनाच त्याचा अभिमान वाटला होता. त्या गुळगुळीत रस्त्यावर ट्रक शेजारून गेला की ही हलकी गाडी हलते. जिचं सगळं जाणं-येणं शहरात किंवा मोठ्या रस्त्यावर आहे तिनं माझा लेख वाचून एक्सएल घ्यायला धावू नये, स्कूटरच घ्यावी. बारा इंची चाकांची मिळाली तर उत्तम. किक आहे का तेवढं विचारावं, काही मॉडेलना आता फक्त बटण असतं, आणि बॅटरी उतरली की गाडी ढकलत आणावी लागते. मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल तर तिला पन्नास सीसीपर्यंतच्याच बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं, हेही आईबापांनी ध्यानात ठेवावं. अकरावी-बारावीच्या पोरी क्लासला शंभर सीसीच्या स्कूटरवर तिघी-तिघी जाताना दिसतात, त्यांच्याकडे लायसन असूच शकत नाही.

खरं तर पांदणीच पक्क्या झाल्या पाहिजेत. राज्य सरकारची मातोश्रींच्या नावाची शेत-पाणंद रस्त्यांची योजना २०२१ मध्ये आली. काही गावांत खडी पडली, छान झालं. भाचीच्या वस्तीचा नंबर अजून लागायचाय. तोवर पोरांना लस द्यायची थांबत नाही.

२०२५ चा पावसाळा तिनं त्या गाडीवर काढला. दोनदा पडली. दोन्ही वेळा उभ्या उभ्या, पाय टेकून, गाडी हळूच आडवी ठेवल्यासारखी, आणि दोन्ही वेळा स्वतःच उचलली. वस्तीवरच्या आयाबायांना आता लांबूनच आवाजानं कळतं, की नर्सबाई येताहेत. सुरुवातीला एक-दोघींना दूधवालाच आला असं वाटून त्या भांडं घेऊन बाहेर आल्या होत्या. हे ती फोनवर सांगताना एवढी हसत होती, की वहिनीलाही शेवटी हसू आलं.

पाहुणे गौरीच्या आधी येऊन गेले. मुलगा कृषी सहायक आहे, तोही वावरावावरातून फिरणारा. चहा झाल्यावर तो अंगणात गेला, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून मडगार्डमध्ये बोट घातलं आणि भाचीला विचारलं, "हा आकडा कुठून बनवून घेतला?"

पुढचं अजून ठरायचंय. आकडा मात्र तिनं त्याला दिला नाही, मिस्त्रीचा पत्ता दिला.